डिस्कस मासा : नदींतला कीं घरीं वाढलेला?

काचेच्या टाकींत मासे पाळण्याचा छंद आतां आपल्या सुशिक्षित कुटुंबांत चांगलाच रुळला आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत पाणवनस्पतींतून हिंडणारे मासे पाहतांना आजोबांची दुपार सुखाची जाते, आणि शाळेंतून आलेलीं मुलें घटकाभर तरी हातांतला मोबाईल खालीं ठेवतात, हा लाभही कांहीं लहान नव्हे. परंतु छंद जसजसा मुरतो, तसतशी नजर साध्या माशांवरून मौल्यवान माशांकडे वळते. आणि गोड्या पाण्यांतील शोभेच्या माशांचा राजा म्हणून ज्याची ख्याति आहे, त्या डिस्कसपाशीं येऊन ती थांबते. मग प्रश्न उभा राहतो तो असा कीं, ॲमेझॉनच्या पाण्यांतून पकडून आणलेला मासा घ्यावा, कीं माणसानें टाकींत पैदा करून वाढविलेला घ्यावा?

या प्रश्नावर घरांत बहुधा दोन तट पडतात. तरुण मंडळी म्हणतात, अस्सल तें अस्सल. नदींतल्या माशाची सर टाकींतल्यास कोठून येणार? वडील माणसें म्हणतात, रानांत मोकळा फिरणारा जीव कशाला कोंडतां? घरीं जन्मलेलाच आणा, म्हणजे निदान तेवढा दोष तरी लागणार नाहीं. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण दोन्हीं अपुरीं आहेत. म्हणून या महिन्यांत या विषयाचा जरा साकल्यानें विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हा मासा कोण व कोठला तें पाहूं. डिस्कस म्हणजे चकती. दोन्ही बाजूंनीं चपटा, ताटलीसारखा वाटोळा, पुरा वाढला म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरांचा, असा हा मासा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांत राहतो. ऑस्ट्रियाच्या राजकन्येच्या विवाहाच्या निमित्तानें १८१७ सालीं शास्त्रज्ञांची एक तुकडी ब्राझीलमध्यें गेली. त्यांतील योहान नाटेरर हा १८३५ पर्यंत तेथें राहिला, आणि त्यानें प्राण्यांचे हजारों नमुने जमवून व्हिएन्नास पाठविले. त्यांत हा मासा होता. योहान याकोब हेकेल यानें १८४० सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. म्हणून त्या जातीस आजही ‘हेकेल डिस्कस’ म्हणतात. डिस्कसच्या अंगावर नऊ उभे पट्टे असतात. त्यांतला पहिला, पांचवा आणि नववा हेकेल जातींत विशेष गडद असतो. पुढें १९०४ सालीं पेलग्रँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें दुसऱ्या प्रकाराची नोंद केली. एकंदर जाती किती मानाव्या, यावर विद्वानांत अजून मतभेद आहेत.

हेकेल डिस्कस ज्या रिओ नेग्रो नदींत सांपडतो, तिच्या नांवाचा अर्थच काळी नदी. अरण्यांतील कुजलेल्या पाल्याचा अर्क उतरून तिचें पाणी कोऱ्या चहासारखें दिसतें. त्यांत क्षार जवळजवळ नसतात, आणि तें बरेंच आम्ल असतें. पाण्याची आम्लता मोजण्याचें जें पी. एच. माप आहे, त्यांत ७ हा आंकडा समतोल मानला, तर येथें तो ४ ते ५ च्या घरांत येतो. सगळेच डिस्कस इतक्या काळ्या पाण्यांतले नसतात हें खरें. पण क्षार कमी आणि ऊब भरपूर, हें सर्वांच्याच माहेरचें लक्षण आहे. पावसाळ्यांत तेथील नद्या दहा मीटरांच्या आसपास चढतात व जंगलांत शिरतात. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे हे मासे तळ्यांच्या कांठीं बुडालेल्या फांद्यांच्या आश्रयास कळपानें राहतात. मासेमार त्यांना रात्रीं दिव्याच्या उजेडांत हातजाळ्यानें धरतात, किंवा फांद्यांभोंवतीं जाळें लावून पकडतात.

परंतु या माशाची खरी थोरवी रंगांत नाहीं. ती त्याच्या अपत्यप्रेमांत आहे. मादी उभ्या पानावर किंवा खोडावर अंडीं घालते. नर व मादी दोघेंही तीं राखतात आणि परांनीं त्यांना वारा घालतात. पिलें पोहूं लागलीं म्हणजे तीं आईबापांच्या अंगास येऊन बिलगतात, आणि त्यांच्या त्वचेवर पाझरणारा चिकट स्राव खाऊन वाढतात. एक दमला कीं तो अंगास झटका देऊन दूर होतो, आणि पिलांचा घोळका दुसऱ्याच्या अंगास लागतो. हिल्डेमन या शास्त्रज्ञानें १९५९ सालीं या विलक्षण संगोपनाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असेंही दिसून आलें कीं, अंडीं घातल्यावर या स्रावांतील प्रथिनें व रोगप्रतिकारक द्रव्यें वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आईबाप पिलांपासून थोडथोडा वेळ दूर राहूं लागतात. मूल अंगावरून तोडण्याचाच हा प्रकार. आणि तो बापही आईच्या बरोबरीनें करतो, हें आमच्या घरोघरच्या पुरुषमंडळींनीं अवश्य ध्यानांत घ्यावें!

आतां टाकींत जन्मलेल्या माशाकडे वळूं. एके काळीं डिस्कस टाकींत जगविणेंच कठीण होतें. मग त्याचा वंश वाढविणें दूरच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील डॉक्टर एदुआर्द श्मिट-फोके, अमेरिकेंतील जॅक वॅटली अशा चिकाटीच्या माणसांनीं नदींतून आणलेल्या माशांपासून पिढ्या वाढविल्या. अंगभर निळसर-हिरवी झांक असलेला ‘टर्क्वाइज’ डिस्कस वॅटली यांच्या नांवाशीं कायमचा निगडित आहे. पुढें या उद्योगानें आशियांत मूळ धरलें. १९९० च्या सुमारास थायलंडांत ‘पिजन ब्लड’ म्हणजे पारव्याच्या रक्ताच्या नांवाचें केशरी-तांबडें वाण निघालें, आणि त्यानंतर लाल, पिवळे, पांढरे, ठिपक्यांचे असे किती प्रकार झाले याची गणतीच नाहीं. डिस्कसची पैदास करणारे लोक आतां आपल्या देशांतही आहेत.

अशा घरच्या माशाचे गुण उघड आहेत. त्याच्या कित्येक पिढ्या नळाच्या पाण्यावर वाढलेल्या असतात, त्यामुळें पी. एच. ६.५ ते ७.५ पर्यंतचें व मध्यम क्षारांचें पाणी त्यास मानवतें. माणसाची चाहूल त्यास नवी नसते. तो कांचेजवळ येऊन खाणें मागतो. आणि जवळच्या पैदासकाराकडून घेतला, तर त्यास लांबच्या प्रवासाची यातना पडत नाहीं.

पण त्याचे दोषही झांकून ठेवणें बरें नव्हे. रंगाच्या हव्यासापायीं तींच तींच माशांचीं कुळें आपसांत जोडल्यानें अशक्त संतति निघते. दाटीवाटीनें वाढविलेल्या टाक्यांत रोग पसरतात, आणि ते औषधांच्या भडिमारानें दाबले जातात. कांहीं ठिकाणीं लहान माशांस अकालीं रंग चढावा म्हणून संप्रेरकें चारतात. तो रंग घरीं आल्यावर उतरतो. याहून मनास लागणारी गोष्ट अशी कीं, पिलें असतांना नदींतला डिस्कस अंगानें गडद होतो, आणि पिलें त्या गडद अंगाकडे ओढलीं जातात. फिक्या वाणांना तसें गडद होतां येत नाहीं; त्यामुळें पिलांस आईबाप लवकर सांपडत नाहींत, असा पैदासकारांचा अनुभव आहे. कित्येक जोड्या तर स्वतःचींच अंडीं खातात, म्हणून अंड्यांभोंवतीं जाळी लावावी लागते. आपल्या डोळ्यांच्या हौसेनें एका प्राण्याच्या वात्सल्यास कोठवर धक्का पोंचतो, याचें हें उदाहरण होय.

उलट नदींतल्या माशाचें रूप शांत, पण खानदानी असतें. तपकिरी अंगावर निळ्या रेघा, कांहीं जातींत तांबडे ठिपके, सायंकाळच्या उजेडांत पालटणारी छटा; ज्यानें तें एकदां पाहिलें, त्यास दुकानांतला भडकपणा रुचत नाहीं. परंतु या रूपाचें मोल केवळ पैशांत द्यावें लागत नाहीं. नदींतला मासा गिलांतील कृमि व आंतड्यांतील जंतु बरोबर घेऊन येतो. मोकळ्या पाण्यांत त्यांचा उपद्रव बेताचा असतो. प्रवासाच्या शिणानें प्राणी खचला कीं तेच बळावतात. त्यास पाणी हलकें व आम्ल लागतें, तें रोज मोजावें लागतें, आणि नवीन अन्न तो पुष्कळ दिवस तोंडांतही धरत नाहीं.

येथें पाण्याचा विचार ओघानेंच येतो. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं आणि साबणाला फेस येत नाहीं, तें पाणी जड, हें आपल्या गृहिणींस शिकवावयास नको. तोच कस येथेंही लावावा. तानसा, वैतरणा, भातसा येथून मुंबईस येणारें पाणी हलकें असतें. मात्र त्यांतील क्लोरीन काढल्याशिवाय तें टाकींत घालूं नये. विहिरीचें किंवा बोअरिंगचें पाणी बहुधा जड असतें. तें नदींतल्या माशास द्यावयाचें, तर आर. ओ. यंत्राचें पाणी त्यांत मिसळून हलकें करावें लागेल. आणि ज्या घरीं पिण्याच्याच पाण्याची ओढ, तेथें दर आठवड्यास टाकीचा तिसरा हिस्सा असें पाणी बदलणें किती दिवस निभेल, याचा हिशेब आधीं करावा. घरीं वाढलेला डिस्कस मात्र बेताच्या जड पाण्यांतही सुखानें नांदतो. दोघांसही २८ ते ३० अंश सेल्सियस ऊब लागते. तेव्हां थंडीच्या दिवसांत हीटर आणि वीज गेल्यास हवेच्या पंपाची सोय हीं हवींतच.

दुसरी अडचण अन्नाची. आणि आपल्या घरांत हिचा विचार मासा आणण्यापूर्वींच झालेला बरा. परदेशांतील पुस्तकांत डिस्कसला बैलाच्या हृदयाचा खिमा चारावा, असें सर्रास लिहिलेलें आढळतें. आपल्याकडे तें घडणें नाहीं, आणि त्याची आवश्यकताही नाहीं. नदींत हा मासा शेवाळ, कुजलेला पालापाचोळा व पाण्यांतील बारीक जीव खातो. सस्तन प्राण्याचें मांस त्याच्या मूळच्या आहारांत कोठेंच नाहीं. घरीं वाढलेला मासा बाजारांतील चांगल्या दाण्यांवर पोसतो. त्या दाण्यांत माशांची भुकटी असते, हें मात्र शाकाहारी कुटुंबानें समजून असावें. नदींतला मासा दाणे सहसा प्रथम ओळखत नाहीं. त्यास जिवंत किंवा गोठविलेले किडे द्यावे लागतात. ज्या फ्रिजमध्यें नैवेद्याचें दूध ठेवावयाचें, त्यांतच किड्यांची पुडी ठेवण्यास सासूबाईंची संमति आहे काय, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हे. घरच्या वडील माणसांचें मन दुखवून चालविलेला छंद फार दिवस टिकत नाहीं.

आतां दोषाच्या प्रश्नाकडे येऊं. रानांतला जीव पकडूं नये, हें म्हणणें ऐकावयास गोड आहे. पण रिओ नेग्रोच्या कांठीं गेल्यास तें इतकें सोपें राहत नाहीं. तेथें बार्सेलोस नांवाचें गांव आहे. तेथील शेंकडों कुटुंबें पिढ्यान् पिढ्या शोभेचे मासे पकडून पोट भरत आलीं. त्यांतला मोठा वांटा डिस्कसचा नव्हे, तर बोटाच्या पेराएवढ्या लाल-निळ्या कार्डिनल टेट्राचा. गांवांत शोभेच्या माशांचा उत्सव भरतो. त्यांत दोन पक्ष चुरशीनें नाचतात, एक कार्डिनलचा आणि दुसरा ‘आकारा-डिस्को’ म्हणजे आपल्या डिस्कसचा. मासे जगतील तरच आपण जगूं, आणि अरण्य राहील तरच मासे राहतील, हें त्या लोकांस अनुभवानें कळलेलें आहे. १९८९ सालीं मत्स्यशास्त्रज्ञ निंग लॅबिश चाओ यांनीं तेथें ‘प्रोजेक्ट पियाबा’ हें कार्य सुरू केलें. मासा विकत घ्या आणि झाड वाचवा, हें त्याचें ब्रीद. उन्हाळ्यांत पाणी आटतांना असंख्य लहान मासे असेही मरतातच. त्यांतले कांहीं जपून पकडले तर नदीची हानि होत नाहीं, असें या मंडळींचें प्रतिपादन आहे.

पुढें आशियांत व युरोपांत कार्डिनलची पैदास होऊं लागली, आणि बार्सेलोसच्या मासेमारांचें गिऱ्हाईक घटलें. ज्याची उपजीविका नदीवर चालेनाशी झाली, तो सोनें शोधण्याकडे किंवा जंगल तोडण्याकडे वळणार, ही भीति उघड आहे. तेव्हां घरीं जन्मलेला मासा आणला म्हणजे आपण ॲमेझॉनवर उपकार केले, अशी समजूत करून घेणें चुकीचें आहे. उलट, नदींतला मासा आणला म्हणजे गरीब मासेमाराचें घर चाललें, असेंही डोळे मिटून म्हणतां येत नाहीं. कारण मासेमार व गिऱ्हाईक यांच्यामध्यें दलालांची लांब सांखळी असते, आणि मूळ माणसाच्या पदरांत किंमतीचा अल्पसा अंशच पडतो.

मग निर्णय कशावर करावा? आमच्या मतें एकाच कसोटीवर : हा जीव आपल्या घरीं जगेल काय? डिस्कस नीट सांभाळला तर दहा वर्षें जगतो. एवढ्या काळांत मुलगी सासरीं जाते, मुलगा नोकरीस परगांवीं जातो. टाकी मात्र घरींच राहते. नदींतला मासा हजारों कोसांवरून येऊन महिन्याभरांत मेला, तर ना मासेमाराचा मान राहिला, ना आपल्या हौसेचा. म्हणून ज्या घरीं डिस्कस पहिल्यानेंच येत आहे, तेथें तो घरीं वाढलेलाच असावा. आणि शक्य तर आपल्यासारखेंच पाणी असलेल्या, जवळच्या पैदासकाराकडचा असावा. ज्यांनीं असे मासे दोन-तीन वर्षें निरोगी ठेवले आहेत, ज्यांना पाणी मोजण्याची रोजची संवय आहे, आणि मासा कोणत्या नदीचा हें जो सांगूं शकतो असा व्यापारी ज्यांस माहीत आहे, त्यांनीं खुशाल नदींतल्या माशाची इच्छा धरावी. पण त्यासाठीं टाकी स्वतंत्र ठेवावी. एकाच्या अंगवळणीं पडलेले जंतु दुसऱ्यास घातक होतात; म्हणून दोघांस एका टाकींत ठेवूं नये.

ज्यांच्या मनांतून बार्सेलोसच्या लोकांचा विचार जात नाहीं, त्यांस एक मध्यम मार्ग सुचवावासा वाटतो. डिस्कस घरचा घ्यावा, आणि त्याच्या सोबतीस रिओ नेग्रोचे कार्डिनल घ्यावे. हा चिमुकला मासा डिस्कसची ऊब सोसतो. मात्र दुकानदारास तो कोठला हें स्पष्ट विचारावें, आणि सहा आठवडे निराळा ठेवून मगच मोठ्या टाकींत सोडावा. आपलें पाणी फार जड असेल, तर मात्र हा मोहही टाळावा.

मासा निवडतांना पुढील खुणा पाहाव्या. अंग वाटोळें असावें. लांबट अंग व त्यामानानें मोठा डोळा म्हणजे वाढ खुंटल्याचें चिन्ह. श्वास संथ असावा, आणि दोन्ही गिलांनीं चालावा. मासा कोपऱ्यांत काळवंडून उभा नसावा. आपल्यासमोर त्यास खाणें घालावयास सांगावें. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर घेऊं नये. हा मासा कळपांत राहणारा आहे, तेव्हां एकटा-दुकटा न आणतां पांच-सहा एकदम आणावे, आणि पुऱ्या वाढलेल्या प्रत्येक माशामागें चाळीस लिटर पाणी धरावें. म्हणजे टाकी निदान दोन-अडीचशें लिटरांची हवी. टाकी भरून फिल्टर चालू करावा, आणि माशांच्या मलाचें विष पचविणारे सूक्ष्म जंतु त्यांत तयार होण्यास चार ते सहा आठवडे जाऊं द्यावे. त्याआधीं महागडे मासे सोडणें म्हणजे भिंती वाळण्यापूर्वीं घरांत बिऱ्हाड करण्यासारखें होय. आणि पुढें कधीं टाकी मोडण्याची वेळ आलीच, तर मासे दुसऱ्या हौशी घरीं द्यावे. जवळच्या नदींत किंवा तळ्यांत मुळींच सोडूं नयेत. असे सोडून दिलेले दक्षिण अमेरिकेंतले सकर मासे आज आपल्या उजनीच्या जलाशयांत मासेमारांचीं जाळीं फाडीत आहेत.

शेवटीं एक गोष्ट एकत्र कुटुंबांतील मंडळींस आवर्जून सांगावयाची. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे, हा आपल्या घरांचा नेहमींचा अनुभव. एक जण खाणें घालून जातो, दुसऱ्यास तें ठाऊक नसल्यानें तो पुन्हां घालतो, आणि पाणी नासून मासे मरतात. तेव्हां मासे आणण्यापूर्वीं खाणें कोणी घालावयाचें, पाणी कोणी बदलावयाचें, आणि तीं माणसें गांवास गेल्यास त्यांच्या जागीं कोणी उभें राहावयाचें, हें ठरवून भिंतीवर लिहून लावावें. तो कागद लावून महिनाभर नुसत्या रिकाम्या टाकीची चाकरी बिनचूक झाली, म्हणजे मग माशांची चौकशी करण्यास हरकत नाहीं.